छेदात नसलेल्या बायका

२०२३ च्या दिवाळीत आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फराळाचे फोटो कमी आणि कुणबी नोंदींचे फोटो जास्त येत होते. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली होती, तहसील कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं बाहेर निघत होती, आणि कुणाच्या तरी पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ सापडलं की ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडायचे. आमच्या घरातला एकुलता एक ‘कॉम्प्युटरवाला’ मी. पुण्यात बसून कोड लिहिणाऱ्या पोराला जुने कागदही शोधता येत असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दोन दिवसांची रजा टाकून मी गावाकडे आलो.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, म्हणजे आज सांगली जिल्ह्यात. पण जुने कागद सातारा जिल्ह्याचे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते; सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून पुढे मी जुना सातारा म्हणेन तेव्हा त्यात बरीचशी सांगली धरून चाला.

आम्हाला हवा होता गाव नमुना चौदा, म्हणजे गावाची जन्ममृत्यूची नोंदवही. लाल फडक्यात बांधलेलं बाड, कडा कुरतडलेली पानं आणि सगळी अक्षरं मोडी. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मोडी वाचणारे एक काका होते, ते बोट फिरवत वाचत जायचे आणि मी मोबाईलमध्ये टाइप करायचो. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा. ‘अमुक कोम तमुक’ म्हणजे तमुकची बायको. पुढे जात, वय, आणि मृत्यू असेल तर कारण. पटकी, देवी, हगवण, ताप.

१९१८ सालच्या ऑक्टोबरमध्ये आल्यावर काकांचा वाचायचा वेग बदलला. आतापर्यंत एका पानावर कित्येक आठवडे मावत होते, आता एका पानावर जेमतेम दोन-तीन दिवस. कारणाच्या रकान्यात एकच शब्द. ताप. ताप. ताप. खाली खाली तर लिहिणाऱ्याने शब्द लिहायचंही सोडून दिलं होतं, नुसत्या दोन टिंबांच्या खुणा केल्या होत्या.

“मानमोडी,” काका म्हणाले. “कुठल्याबी गावाचं दप्तर काढा, ही पानं अशीच असत्यात.”

मानमोडी हा शब्द मी घरात ऐकला होता. आमच्या वंशावळीत, जी सगळीच्या सगळी पुरुषांची आहे, खापरपणजोबांच्या नावाशेजारी आजोबांनी पेनने बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय: ‘पत्नी मानमोडीत वारली.’ नाव नाही. माझे पणजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांना आपल्या आईचं नाव ठाऊक असणारच, पण ते कागदावर कधी उतरलं नाही.

काका वाचत होते आणि मला एक गोष्ट खटकायला लागली. ‘कोम’ हा शब्द फार वेळा येत होता. कोम, कोम, बिन, कोम. मी मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने थांबलो. एका गावाच्या चार पानांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे कुठलाही इंजिनिअर सांगेल. पण शंका राहिली. पुण्याला परत जाताना बसमध्ये मी वाचायला लागलो, आणि ते वाचणं पुढचे कित्येक महिने चालू राहिलं. त्यात जे सापडलं ते इथे मांडतोय.

*

आधी साथीबद्दल. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदराच्या परिसरात पहारा करणारे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिलं महायुद्ध चालू होतं, सैनिक घेऊन बोटी येत-जात होत्या. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती मात्र माणसं घेऊन गेली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सातारा भागातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांमध्ये होते, पलटणीत होते. माणसं घाबरली की गावाकडे येतात. पुण्याहून मिरजेला येणारी मीटरगेज रेल्वे होती, ती कोरेगाव, कराडवरून खाली यायची. साथीलाही तिकीट लागलं नाही.

मुंबई इलाख्यात या साथीने दहा लाखांहून जास्त माणसं मेली. देशभरातला आकडा अभ्यासकांनी सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत मांडलाय. १९२१ ची जनगणना ही भारताची एकमेव जनगणना, जिच्यात देशाची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली.

याच जनगणनेत माझ्या शंकेचं उत्तर होतं. १९११ मध्ये देशात दर हजार पुरुषांमागे ९६४ स्त्रिया होत्या, १९२१ मध्ये ९५५ उरल्या. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत हाच आकडा ९६६ वरून ९५० वर आला. या घसरणीमागे एकटी मानमोडी नाही, पण तिचा वाटा होता. साथीने सगळ्यात जास्त माणसं विशी ते चाळिशीतली नेली, आणि त्यातही बायका जास्त. जनगणनेच्या अहवालात हे नोंदवलंय आणि गरोदर बायकांना हा आजार विशेष घातक ठरल्याचंही म्हटलंय.

म्हणजे त्या पानांवरचे ‘कोम’ हा माझा भास नव्हता.

इथे मी थांबलो असतो, तर लेख दोन ओळींत संपला असता: साथीत बायका जास्त मेल्या, कारण त्या नाजूक. पण गंमत अशी की जीवशास्त्र नेमकं उलटं सांगतं.

*

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात हे दहावीला पाठ केलेलं आठवत असेल. शेवटची जोडी बाईत ‘एक्स एक्स’, पुरुषात ‘एक्स वाय’. परीक्षेपुरतं आपण एवढंच शिकलो की मुलगा की मुलगी हे त्यावरून ठरतं. पण एक्स गुणसूत्रावर रोगप्रतिकारशक्तीची बरीच जनुकं बसलेली असतात, ते पुस्तकात नव्हतं. वाय त्या मानाने छोटं आणि बरंचसं मोकळं.

त्यातलं एक जनुक म्हणजे ‘टीएलआर सेव्हन’. हे पेशीतलं सेन्सर समजा. फ्लू किंवा कोरोनासारख्या विषाणूंचं जनुकीय साहित्य आरएनएचं असतं. ते आत आल्याचं हे सेन्सर ओळखतं आणि धोक्याची घंटा वाजवतं. मग ‘इंटरफेरॉन’ नावाची रसायनं सुटतात आणि आजूबाजूच्या पेशी दारं-खिडक्या लावून घेतात. बाईच्या पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केलेलं असतं, पण ते पूर्ण बंद नसतं. काही पेशींमध्ये टीएलआर सेव्हनची दुसरी प्रतही चालू राहते. पुरुषाकडे मुळात प्रत एकच. ती बिघडली तर बॅकअप नाही.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन वेगवेगळ्या घरांतले भाऊ-भाऊ, असे चार धडधाकट तरुण कोविडने अत्यवस्थ झाले. चौघांचीही फुप्फुसं यंत्रावर टाकावी लागली, त्यातला एक दगावला. तपासल्यावर चौघांच्याही एकुलत्या एक एक्सवरचं हेच जनुक बिघडलेलं निघालं. त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. कोविडने गंभीर झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. त्या १०१ मध्ये ९५ पुरुष होते.

हार्मोन्सचाही हात आहे. ढोबळमानाने इस्ट्रोजेन प्रतिकारशक्तीला चालना देतं आणि टेस्टोस्टेरॉन तिला आवर घालतं. लस दिल्यावर बायकांच्या शरीरात बऱ्याचदा जास्त प्रतिपिंडं तयार होतात. याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. ही तल्लख यंत्रणा कधी कधी स्वतःच्याच शरीरावर उलटते. ल्युपस किंवा संधिवातासारख्या ऑटोइम्यून आजारांच्या रुग्णांत बायका खूप जास्त असतात. ल्युपसमध्ये तर दहातल्या नऊ.

तरीही एकंदर हिशोब असा की गंभीर संसर्गाशी झुंजायला बाईचं शरीर सरासरीने जास्त सज्ज असतं. आणि याचा पुरावा हवा असेल तर परदेशात जायची गरज नाही. आपल्याकडचे दुष्काळ पुरेत.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ मुंबई इलाख्यातल्या देशावरच्या जिल्ह्यांना फार वाईट गेला. सातारा त्यात होता. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन आले. दुष्काळात माणूस बहुतेक वेळा थेट भुकेने मरत नाही. शरीर खंगतं आणि पटकी, हगवण, हिवताप त्याला उचलून नेतात. म्हणजे दुष्काळातलं मरण हे बऱ्याच अंशी संसर्गाचं मरण. आणि या दुष्काळांमध्ये पुरुष जास्त मेले, बायका कमी. तेव्हाच्या अधिकाऱ्यांच्याही हे लक्षात आलं होतं आणि नंतरच्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनीही आकडे तपासून तेच सांगितलं.

आता विचार करा. घर तेच, चूल तीच, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवणारी बाई तीच. १८७७ मध्ये ती तगते. १९१८ मध्ये ती जाते. चाळीस वर्षांत शरीर तर बदलत नाही. मग काय बदललं?

*

पहिला फरक आजाराच्या जातीचा. दुष्काळातले रोग सगळ्यात जास्त लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना गाठतात. मानमोडीने गाठलं ते ऐन उमेदीतल्या माणसांना, आणि त्या वयाची बाई तेव्हा बहुतेक वेळा गरोदर नाहीतर अंगावर पाजणारी असायची. दुष्काळात उपासमारीमुळे गर्भधारणा आपोआप कमी होते. जननदर पडतो. म्हणजे दुष्काळाने नकळत एक धोका बायकांच्या वाटेतून काढून टाकला होता. मानमोडी आली तेव्हा तो जसाच्या तसा होता.

गरोदरपणात शरीर एक मोठी तडजोड करतं. अर्धी जनुकं बापाकडून आलेला, म्हणजे अर्धा ‘परका’ जीव पोटात वाढवायचा, त्यामुळे प्रतिकारशक्तीची ठेवणच बदलावी लागते. शिवाय वाढतं गर्भाशय फुप्फुसांना खालून दाबतं आणि प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. अशात न्यूमोनिया झाला तर हात टेकायची वेळ येते. अमेरिकेत १९१८ च्या साथीतल्या १३५० गरोदर रुग्णांची माहिती एका डॉक्टरांनी गोळा केली, त्यात २७ टक्के बायका दगावल्या होत्या. हे फक्त फ्लूपुरतं नाही. २०१२ मध्ये आमच्या शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती ‘हिपॅटायटिस ई’ची. हा आजार एरवी शंभरातल्या एखाद्या रुग्णाचा जीव घेतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या बाबतीत हे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. एकच शरीर नऊ महिन्यांसाठी वेगळ्या नियमांनी चालतं.

पण गरोदर बायका अमेरिकेतही होत्या. तरी तिकडे त्या साथीत बायकांपेक्षा पुरुषच जास्त मेले. एक कारण असं सांगितलं जातं की तिकडच्या पुरुषांमध्ये आधीच क्षयाचं प्रमाण जास्त होतं आणि फ्लूने आधी त्यांनाच उचललं. विषाणू तोच, साल तेच, आणि निकाल उलटा. म्हणजे नुसत्या जीवशास्त्राने हिशोब लागत नाही.

दुसरा फरक शुश्रूषेचा. दुष्काळात माणसं एक-एक करून खंगतात. मानमोडीत अख्खं घर एकाच आठवड्यात आडवं व्हायचं. पाणी कोण आणणार, चूल कोण पेटवणार, पोरांना पेज कोण भरवणार? त्या काळच्या आरोग्य अहवालांनीही हे कारण दिलंय: घरचं सगळं काम आणि वर आजाऱ्यांची सेवा, स्वतः आजारी असतानाही, बायकांच्या अंगावर पडली. फ्लूमध्ये विश्रांती हे औषध होतं, कारण दुसरं औषध नव्हतंच. अँटिबायोटिक्स यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. ज्याला पडून राहायला मिळालं त्याला जगायची जास्त संधी होती. त्यात १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता. धान्य महाग, वैरण नाही. ताटात आधीच कमी येणाऱ्या बाईच्या ताटात आणखी कमी आलं.

मुंबई शहरातले आकडे जातवार नोंदवले गेले होते, ते पाहिले की उरलेला संशयही फिटतो. हजारी मृत्यूचं प्रमाण युरोपियनांमध्ये ८.३, पारशांमध्ये ९, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९ आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हटलं जायचं त्यांच्यात ६१.६. फुप्फुसाला जात नसते. खोलीला, पाण्याला आणि पगाराला असते.

*

सेवा करणाऱ्याच्या अंगावर साथ कशी येते हे सातारा जिल्ह्याच्या एका लेकीने त्याआधी वीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. सावित्रीबाई फुले मूळच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग शिगेला पोचला, तेव्हा त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्यातून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं आणि त्यांना स्वतःला लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वय ६६. आपण दरवर्षी त्यांना फुलं वाहतो, पण त्यांच्या मृत्यूचं कारण नीट लिहायचं तर ‘प्लेग’ एवढं पुरत नाही. प्लेगच्या रुग्णाला हातांनी उचलणं, हे ते कारण.

सातारा भागात प्लेगने पुढे वर्षानुवर्षं ठाण मांडलं. १८९१ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती, १९०१ मध्ये ती साडेअकरा लाखांच्या आत आली आणि पुढच्या दोन जनगणनांमध्येही वाढली नाही. गावं ओस पडायची, लोक माळावर छपरं घालून राहायचे. प्लेगचं मूळ उंदरावरच्या पिसवेत, आणि उंदीर घरात, धान्याच्या कणगीपाशी. पंजाबात प्लेगने बायका जास्त मेल्या, त्याचं कारण तिथल्या अहवालांनी हेच सांगितलं की त्यांचा दिवस घरात जातो, झाडलोट आणि निवडण-टिपण करण्यात. पुरुष शेतात, उघड्यावर. म्हणजे इथेही प्रश्न शरीराआधी जागेचा होता: रोग जिथे होता तिथे कोण उभं होतं?

*

आता आपल्या डोळ्यांसमोरची साथ. मार्च २०२० मध्ये कोविडने ग्रामीण महाराष्ट्रात सगळ्यांचं लक्ष वेधलं ते आमच्याच इस्लामपुरात. एका मोठ्या कुटुंबाच्या आसपास काही दिवसांतच दोन डझन रुग्ण सापडले, शहर कुलूपबंद झालं आणि सगळे बरे होऊन घरी आले. तेव्हा आम्हाला वाटलं, जिंकलो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सातारा आणि सांगली राज्यात सगळ्यात उशिरापर्यंत होरपळणाऱ्या जिल्ह्यांत होते.

कोविडमध्ये पुरुष जास्त मेले हे तुम्ही वाचलं असेल. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं होतं की देशातल्या मृतांमध्ये ६४ टक्के पुरुष आणि ३६ टक्के स्त्रिया आहेत. पण त्याच सुमाराच्या आकड्यांवर झालेल्या एका अभ्यासात चमत्कारिक गोष्ट निघाली. सापडलेल्या रुग्णांपैकी किती दगावले हे प्रमाण पुरुषांमध्ये २.९ टक्के आणि बायकांमध्ये ३.३ टक्के होतं. म्हणजे मृत्यू पुरुषांचे जास्त, पण लागण झालेल्या बाईला धोका जास्त? जगात जवळपास सगळीकडे उलटं चित्र असताना भारतातली बाई नाजूक निघाली?

कोड लिहिणाऱ्याला अशा वेळी पहिली शंका डेटावर येते. भागाकारात वर असतो अंश, खाली छेद. अंशात मृत्यू, छेदात रुग्ण. पण रुग्ण म्हणजे लागण झालेली व्यक्ती नव्हे, टेस्ट झालेली व्यक्ती. त्या अभ्यासात सापडलेल्या रुग्णांमध्ये ६६ टक्के पुरुष होते. मग विषाणू खरोखरच पुरुषांना दुपटीने गाठत होता का? याचं उत्तर रक्तात होतं. आयसीएमआरच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतले गेले. महाराष्ट्रातले जे सहा जिल्हे त्यात होते त्यात सांगलीही होता. या सर्वेक्षणाच्या पुढच्या फेऱ्यांत लागण होऊन गेल्याच्या खुणा बायका आणि पुरुषांमध्ये जवळपास सारख्याच सापडल्या. मुंबईच्या सर्वेक्षणात तर बायकांमध्ये किंचित जास्तच.

म्हणजे लागण निम्मी-निम्मी आणि टेस्ट दोन पुरुषांमागे एक बाई. छेद निम्मा राहिला म्हणून भागाकार फुगला आणि सज्ज शरीर कागदावर नाजूक ठरलं. छेद दुरुस्त केला की चित्र पुन्हा जगासारखं दिसतं. पण लगेच अंशाकडेही पाहावं लागतं. भारतात डॉक्टरने कारण लिहून दिलेल्या एकूण मृत्यूंमध्ये कुठल्याही वर्षी साठ टक्क्यांहून जास्त पुरुष असतात, कारण मरायच्या आधी दवाखान्यापर्यंत पुरुष जास्त पोचतो. घरात गेलेल्या बाईचं कारण आजही बऱ्याचदा तेच असतं जे १९१८ मध्ये होतं. ताप.

डेटाबेसमध्ये आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात: रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. ही चूक करणाऱ्याला आमच्याकडे टीम लीड सगळ्यांसमोर झापतो.

*

ही चूक मी केली आहे, म्हणून हे सगळं लिहितोय.

एप्रिल २०२१. मी घरून काम करत होतो. आधी पप्पांना ताप आला, मग आजीला. दोघांची टेस्ट केली, दोघं पॉझिटिव्ह. मी लगेच लॅपटॉपवर शीट बनवली. तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन, औषध. पप्पांची एक शीट, आजीची एक. दर चार तासांनी नोंद. ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला की रकाना आपोआप लाल व्हायचा, तेवढं फॉर्म्युल्याचं काम मी चोख केलं होतं. सातव्या दिवशी पप्पांचे रकाने लाल व्हायला लागले आणि आम्ही त्यांना मिरजेला हलवलं. अकरा दिवसांनी ते घरी आले. डॉक्टरांनी माझ्या शीटचं कौतुक केलं. ती मी लिंक्डइनवरही टाकली होती.

त्या दिवसांत आई दोघांचं करत होती. काढा, वाफ, आजीची आंघोळ, पप्पांचा डबा. एका दुपारी आमटी खारट झाली होती. मी म्हणालो तर ती म्हणाली, “मला चवच कळंना झालीय, दोनदा मीठ पडलं वाटतं.” मी म्हणालो, टेस्ट करूया. तिचं उत्तर ठरलेलं होतं.

“मला काय धाड भरलीय?”

आणि मी विषय सोडला. टेस्टसाठी इस्लामपूरला जावं लागणार होतं, पप्पांचा ऑक्सिजन खाली येत होता, आणि खरं सांगायचं तर ती हिंडतीफिरती होती ना, मग ठीकच असणार. तिसरी शीट मी उघडलीच नाही. ती तगली. तिच्या दोन एक्सनी काम केलं असेल, वयाने साथ दिली असेल, नशीबही असेल. पण देशाच्या छेदात ती नाही. ती रुग्ण नव्हती, म्हणून ती बरीही झाली नाही.

१९१८ चा तो गावकामगार माझ्यापेक्षा बरा म्हणायचा. भोवती माणसं पटापट मरत असताना, कदाचित स्वतःच्या अंगात ताप असताना, त्याने ‘कोम’ लिहून नावं तरी उतरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना आमची ओळ सापडली होती. खापरपणजोबांचं नाव, त्याआधी ‘कोम’, आणि त्याही आधी तिचं नाव: राधा. वय पंचवीस. कारण, दोन टिंबं. वरच्या ओळीसारखंच. ती गरोदर होती का, तिने शेवटची भाकरी कधी थापली, तिच्याआधी घरात कोण कोण आजारी होतं, यासाठी त्या वहीत रकाना नव्हता. कुणबी नोंदही सापडली, ग्रुपवर टाळ्या पडल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला नाव सांगितलं. ती चहा गाळत होती. “राधा,” तिने एकदा म्हणून पाहिलं. “तुझ्या आज्जीला पण ठाऊक नव्हतं बघ.”

मग मी विचारलं, “आई, पप्पा आजारी होते तेव्हा तुला किती ताप होता गं?”

तिने कप माझ्यापुढे सरकवला.

“बघितला कुणी?”